'श्पेटलेझं' म्हणजे गोड वाइन का?

प्रश्न असा आहे: जर्मन वाइनच्या बाटलीवर 'श्पेटलेझं' छापलेलं असतं, त्याचा अर्थ 'गोड' घ्यायचा का? आणि मराठीत काय म्हणायचं?

'गोड' घेऊ नका. 'श्पेट' म्हणजे उशिरा, 'लेझं' म्हणजे द्राक्षांची काढणी. 1971च्या जर्मन कायद्याने हा शब्द साखरेच्या मोजमापाला बांधला खरा, पण ती साखर आंबवण्याआधीच्या रसातली. आंबताना ती जवळजवळ सगळी संपली की श्पेटलेझंही कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होते. मग लेबलावर 'ट्रोकन' (कोरडी) असं जोडतात. मद्यार्काचा आकडा बघा. 8 टक्क्यांच्या आसपास असेल तर गोडी शिल्लक आहे, 12च्या वर असेल तर बहुधा नाही.

शब्दामागे जर्मनीच्या ऱ्हाइनगाऊ भागातला योहानिसबेर्गचा मळा आहे. (आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग नव्हे!) मूळचा हा बेनेडिक्टाइन मठ. 1716 मध्ये तो फुल्डा या जर्मन शहराच्या धर्माधिपतींनी विकत घेतला आणि 1720 पासून तिथे रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची मोठी लागवड झाली. काढणीची परवानगी मात्र फुल्डाहूनच यायची. 1775 साली ती आणणारा स्वार फार उशिरा पोचला. का, याच्या गोष्टी सांगणाऱ्यागणिक बदलतात. तोवर घडांवर बुरशी चढली होती, तरी मळेकऱ्यांनी ते काढलेच, आणि पुढच्या वसंतात वाइन चाखणारे थक्क झाले. स्वाराचा पुतळा आजही तिथल्या अंगणात आहे. उशिराच्या काढणीचा शोध मात्र त्याच्या नावावर घालू नये. हंगेरीतल्या टोकाईत अशी द्राक्षं त्याआधीपासून वापरत होते. योहानिसबेर्गने ती जर्मनीत रीतसर पद्धत केली, हे श्रेय पुरेसं आहे.

मला खरी गंमत वाटते ती 'लेझन' या क्रियापदाची. त्याचे अर्थ दोन: वेचणे आणि वाचणे. मराठीत या दोहोंत फरक एका मात्रेचा, पण तो निव्वळ योगायोग, त्यांची कुळं वेगळी. खरं साम्य पुढे आहे. 'आउसलेझं' म्हणजे निवडून वेचलेले घड, आणि निवडक उताऱ्यांचा संग्रहही. आपल्या पाठ्यपुस्तकांतले 'वेचे' याच वाटेने आलेले.

तेव्हा मराठीत 'उशिराच्या काढणीची वाइन' म्हणावं. नाशिकच्या शेनिन ब्लाँ (एका पांढऱ्या द्राक्षाची वाइन) बाटलीवरचं 'लेट हार्वेस्ट' शब्दशः तेच, पण ती वाइन गोडच असते, म्हणून 'श्पेटलेझं'ला ते इंग्रजी नाव दिलं तर हाच घोटाळा पुन्हा होईल.