सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेला कार्यक्रम कॉम्प्युटरवर का चालत नाही? बॉक्स बदलला तर रेकॉर्डिंग राहतं का?

नाही राहत. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये काही बिघाड नाही. बॉक्स सहसा रेकॉर्ड करतानाच फाइल एन्क्रिप्ट करतो, म्हणजे तिला कुलूप लावतो, आणि तिची किल्ली त्या बॉक्सच्या चिपमध्येच असते. डिस्क दुसरीकडे लावल्यावर फाइल्स दिसल्या, किती जीबीच्या आहेत तेही दिसलं, तरी उघडत काहीच नाही. त्यामुळे एक्स्टेन्शन बदलणं, वेगवेगळे प्लेअर टाकून बघणं यात वेळ घालवू नका.

बॉक्स बदलण्याबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. मी लिहायला बसलो ते त्या ओळीमुळे.

माझी आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका वाहिनीने जुन्या एक्स्चेंजवरच्या कार्यक्रमात तिला बोलावलं. समोर बोर्ड नव्हता, तरी बोलता बोलता तिचे दोन्ही हात हवेत कॉर्ड लावत होते. एक काढायची, दुसरी खुपसायची, आणि मध्येच मान तिरकी करून कानावरचा हेडफोन सावरल्यासारखं करायची. घरात तिला तसं कोणी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही ते बॉक्सला जोडलेल्या डिस्कवर रेकॉर्ड केलं. आत्या गेल्यावर घरातली मुलं ते पुन्हा पुन्हा लावायची.

मग बॉक्स बंद पडला. कंपनीचा माणूस आला, जुना घेऊन गेला, नवा लावून गेला. डिस्क जोडली तर पडद्यावर एकच प्रश्न : डिस्क फॉरमॅट करायची का? कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, रेकॉर्डिंग ही फक्त सुविधा आहे, बॉक्ससोबत जाते. वाहिनीला लिहिलं तर त्यांच्याकडे तो भागच शिल्लक नव्हता. म्हणजे आत्याचं ते बोलणं आज जगात फक्त आमच्या कपाटातल्या डिस्कवर आहे आणि ते आम्हालाच उघडता येत नाही.

आमचे दाजी प्रसारणाच्या तांत्रिक कामात आहेत. त्यांचं म्हणणं, ‘अहो, ते तुमचं नव्हतंच. तुम्हाला बघायची परवानगी होती, ठेवायची नव्हती.’ यावर आमचं जेवणाच्या ताटावर वाजलं आणि अजून मिटलेलं नाही. म्हणून इथे नीट लिहितो.

आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ३९ वाचा. प्रसारणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलं, तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही, असं तिथे स्पष्ट आहे. कलम ५२ मध्येही खाजगी वापराला जागा ठेवली आहे. दाजी म्हणतात ती ‘ठेवायची परवानगी नाही’ कायद्याने घातलेली नाही, बॉक्स बनवणाऱ्यांनी घातली आहे. अमेरिकेत हा वाद व्हिडिओ रेकॉर्डर नवे होते तेव्हाच झाला. सिनेमाच्या स्टुडिओंनी रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीवर खटला भरला आणि १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे. त्या खटल्यात लहान मुलांचे कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती. लोकांनी आपला कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून सोयीने बघितला तर त्यांची हरकत नव्हती. कार्यक्रम करणारा माणूस हे म्हणत होता, दाजी!

मग कुलूप आलं कुठून? टेपची कॉपी काढली की चित्र खराब व्हायचं, डिजिटल कॉपी मूळासारखीच निघते, ही भीती. ती मला मान्य आहे. चोरून विकणारे असतातच. पण त्यांच्यासाठी घरातल्या माणसाला किती आवळायचं याचं भान हवं. जपानमध्ये २००४ पासून ‘कॉपी वन्स’ होतं : कार्यक्रम डिस्कवर हलवला की मशीनमधला पुसला जायचा, आणि मध्येच काही बिघडलं तर दोन्हीकडून जायचा. लोकांनी इतकी ओरड केली की २००८ मध्ये ‘डबिंग १०’ आलं. नऊ कॉपी काढा, दहाव्यांदा हलवलं की मूळ पुसलं जातं. मला तेही कमीच वाटतं, पण निदान घरच्यांचा विचार तरी झाला.

आता तुमचं. एचडीएमआयमधून कॅप्चर करायला जाल तर बहुतेक वेळा काळा पडदा मिळेल, कारण त्या वायरीवर एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, असतं. तुमच्या बॉक्सच्या मागे पिवळा-पांढरा-लाल एव्ही आउटपुट असेल तर यूएसबी कॅप्चर (चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं उपकरण) घेऊन तिथून कॉम्प्युटरवर उतरवा. कार्यक्रम जेवढा आहे तेवढा वेळ लागेल, चित्र एचडी येणार नाही, पण चेहरा आणि आवाज राहील. आणि हे जुना बॉक्स चालू आहे तोवरच उरका. बदलीचा माणूस दारात आला की थांबत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. साध्या फ्री-टू-एअर (फुकट वाहिन्यांच्या) बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग बऱ्याचदा एन्क्रिप्ट नसतं, कॉम्प्युटरवर सरळ चालतं. तुमचा बॉक्स कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि मी वकील नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलंय : हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द त्यात आहे आणि घरच्या वापराला तो लागू नये असं मला ठामपणे वाटतं, पण उतरवलेला कार्यक्रम यूट्यूबवर मात्र टाकू नका. तो खाजगी वापर उरत नाही, आणि तिथे दाजींचं बरोबर आहे.