गावचं जुनं फर्निचर आणावं की सगळं नवं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात वन बीएचके घेतलाय, गावचं घर रिकामं होतंय. तिथून लोखंडी कपाट, सागवानी पलंग, टेबल आणि वेताच्या चार खुर्च्या मिळतायत. पैसे बेताचे आहेत, तर काय आणावं आणि नवं काय घ्यावं?

सांगाडा जुना चालतो, भरणा नवा घ्या. सागवान आणि जाड पत्रा दुरुस्त होतो. गादी, उशा, फोमचा सोफा होत नाही, शिवाय त्यातून ढेकूण घरात येतात. तुमच्या यादीतलं चारही सामान मी आणेन, पण टेम्पो ठरवण्याआधी टेप घेऊन बसा.

दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजा, उघडी फळी जेवढी जागा खाते तेवढी वजा करून. जिन्याचं वळण आणि लिफ्टची आतली उंचीही लिहून ठेवा. लोखंडी कपाट सहसा साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि 19 इंच खोल असतं. आडवं आणून उभं करताना त्याचा कोपरा 80 इंचांच्या थोडा वर जातो. म्हणजे माळ्याखाली 79 इंच जागा असेल तर कपाट तिथे मावेल, पण तिथे उभं होणार नाही. खोलीच्या मध्यावर उभं करून मग आत सरकवावं लागेल. हमाल गेल्यावर हे कळलं तर पंचाईत.

जागेवर ठेवल्यावर दार घासायला लागलं तर लगेच कुलूपवाल्याला बोलावू नका. बहुतेक वेळा दोष फरशीच्या उताराचा असतो. कुठला पाय अधांतरी आहे ते बघून त्याखाली पत्र्याची चकती सरकवा, दोन्ही दारं सरळ होतात. गंज तळाशी असतो, कारण रोज पुसलेल्या फरशीचं पाणी तिथेच लागतं. तो पॉलिश पेपरने खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइल पेंट पुरे.

पलंगाला बारीक भोकं दिसली म्हणून घाबरू नका, कीड जिवंत आहे का ते तपासा. खाली काळा कागद पसरा आणि चार दिवसांनी बघा. पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर कीड चालू आहे. ती सागाच्या मधल्या गडद लाकडात फारशी शिरत नाही, कडेचा फिकट पांढुरका भाग खाते. भोकाभोकात सिरिंजने किडीचं औषध सोडून मेणाने बंद करा. ढेकणांसाठी पलंग सुटा करून सांध्यांतून औषध मारा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मारा, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. उकळतं पाणी ओतण्याचा घरगुती उपाय पॉलिशची वाट लावतो.

गादी मात्र पलंगाच्या आतल्या मापाची करून घ्या. बाजारात 72, 75, 78 इंच लांबीच्या तयार गाद्या मिळतात, जुने पलंग यात बसतीलच असं नाही. फोमची गादी घेणार असाल तर खालच्या पट्ट्यांत तीन इंचांहून जास्त फट नको, नाहीतर गादी तिथे खचते.

टेबल-खुर्च्यांत गफलत होते ती उंचीची. टेबल 30 इंच असेल तर बैठक 18 इंचांच्या आसपास हवी. वेत सैल पडून बैठक दोन इंच खाली गेली असेल तर जेवताना खांदे वर येतात, म्हणून आधी वेत विणून घ्या आणि मग मोजा. डुगडुगणाऱ्या पायात खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं. सांधा सोडवा, जुना सरस ओल्या गरम फडक्याने मऊ करून खरवडा, लाकूड वाळू द्या. मग फेव्हिकॉल लावून दोरीने पीळ देऊन 24 तास बांधून ठेवा. सरसावरच फेव्हिकॉल लावलं तर ते धरत नाही.

पॉलिश कुठलं आहे ते कळायला आतल्या बाजूला स्पिरीटचा बोळा फिरवा. चिकट झालं तर लाखेचं आहे. ते पुन्हा करायला लिटरभर स्पिरीटला 150 ग्रॅम चपडा लाख लागते. पावसाळ्यात करू नका, दमट हवेने पांढरट छटा येते. अडकणारे खणही पावसाळ्यात रंधून घेऊ नका, हिवाळ्यात खुळखुळतील. कडेला मेणबत्ती घासा, तेवढ्यावर भागतं.

आता नवं. पहिल्या महिन्यात फक्त गादी घ्या. कपाट आहेच. किचन ट्रॉल्या दोन महिने स्वयंपाक केल्यावर करा, कुठला डबा कुठे लागतो ते तोवर कळतं. त्यांना ओट्याखाली बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं प्लायवुडच हवं. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाण्याने फुगतो आणि त्यात एकदा सुटलेला स्क्रू पुन्हा तसा घट्ट बसत नाही, म्हणून घर बदलणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. सोफा सगळ्यात शेवटी. दुकानातल्या सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवून आठवडाभर त्यांना वळसा घालून वावरा. चालायला दोन फूट उरत नसतील तर दिवाण बघा.