लिनक्सवर स्क्रीन लॉक कधीकधी लागतच नाही, हे कितपत धोक्याचं आहे?

धोक्याचं आहेच, कारण आपल्याला वाटतं लॉक झालंय आणि आपण बिनधास्त उठून जातो, मग मेल, सेव्ह केलेले पासवर्ड सगळं उघडंच. मूळ अडचण एक्स११ ची, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेची आहे, तिथे लॉकर (स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रॅम) म्हणजे सगळ्यात वर काढलेली एक साधी विंडो, तो क्रॅश झाला की मागचा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. २०२१ मध्ये सिनॅमन या लिनक्स डेस्कटॉपचा लॉक असाच पडायचा, ऑनस्क्रीन कीबोर्डवरचं एक अक्षर दाबलं की झालं!

दुसरं म्हणजे एक्स११ वर राइट क्लिकचा मेन्यू उघडा राहिला असेल तर कीबोर्ड-माउस त्या मेन्यूनेच धरून ठेवलेला असतो, लॉकरला तो मिळत नाही आणि लॉक लागत नाही. हे आत्ताच करून बघा, मेन्यू उघडा ठेवा आणि आपोआप लॉक होण्याचा टायमर संपू द्या.

शक्य असेल तर वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर जा. तिथे लॉक कंपोझिटर (सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा मुख्य प्रोग्रॅम) सांभाळतो, त्यामुळे नीट बनवलेल्या सेटअपमध्ये लॉकर मेला तरी स्क्रीन लॉकच राहते. आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर टर्मिनलमध्ये लॉगिन करून ठेवलं असेल तर आधी लॉगआउट करा, ग्राफिकल लॉक त्याला झाकत नाही. टायमरवर विसंबू नका, उठताना हाताने लॉक करा आणि लागलाय ना ते बघूनच निघा.