साडेसहा हजारांचा गिझर आणि दोन हजारांचा पाइप

प्रश्न: घणसोलीत आमचा टू-बीएचके आहे, घरात चार माणसं. जुना इलेक्ट्रिक गिझर गळतोय. दुकानदार पीएनजीवर (पाइपलाइनने घरी येणाऱ्या गॅसवर) चालणारा गॅस गिझर बाथरूममध्ये साडेसहा हजारांत बसवून देतोय. धुराचा पाइप बाहेर काढायचे दोन हजार वेगळे, पण ‘सेफ्टी डिव्हाइस आहे, पाइपाची गरज नाही’ म्हणतो. नवा इलेक्ट्रिक नऊ हजारांचा आहे. विजेचं बिल बघता गॅस घ्यावा ना?

उत्तर: ताई, आधी बिलाचं बघू. एका माणसाला अंघोळीला २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. चौघांची महिन्याला ६० युनिटं. महावितरणच्या बिलात ही युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने धरायची, सरासरीने नाही, कारण गिझर बंद केला तर कमी होतील ती त्याच टप्प्यातली. समजा ११ रुपये दर पडतो, तर ६६० रुपये. तेवढंच पाणी गॅसवर तापवायला सातेक घनमीटर पीएनजी लागेल. ५० रुपये भाव धरला तर ३५०. हे दर अंदाजाचे आहेत, तुमच्या दोन्ही बिलांवरचे घालून बघा. महिन्याला ३०० वाचतात म्हणू. उन्हाळ्यात गिझर कोण लावतंय? आठ महिन्यांचे २,४०० धरा.

आता दुकानदाराचं ‘सेफ्टी डिव्हाइस’. बहुतेक ते ज्योत विझली की गॅस बंद करणारं असतं. त्याने गॅसगळती टळते. पण बंद बाथरूममध्ये ज्योत छान पेटलेली असतानाच हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला मुद्दाम घातलेला वास इथे कामाचा नाही, कारण गॅस गळतच नसतो, जळत असतो. चक्कर आल्यावर कडी काढण्याइतकंही भान राहत नाही. काही मॉडेल्सना ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सर असतो. तो असावाच, पण धूर बाहेर नेणं हे त्याचं काम नव्हे.

दोन हजारांचा पाइप घेतला तरी तो कुठे सोडणार, ते विचारा. आपल्याकडे बहुतेक बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत उघडते. तिथे सोडलेला धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत जाऊ शकतो. आणि एक्झॉस्ट फॅन लावला की साध्या पाइपातला धूर उलट आत ओढला जाण्याची भीती. म्हणून गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच, ड्राय बाल्कनीत, म्हणजे कपडे-भांडी धुण्याच्या मोकळ्या बाल्कनीत हवा. (तिला सरकत्या काचा लावल्या असतील तर ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली.)

तसं करायचं तर खर्च असा होईल: गिझर साडेसहा हजार, पाइप दोन हजार, बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाइन अंदाजे साडेचार हजार, गॅसचा वाढीव पॉइंट दोनेक हजार. हा पॉइंट गॅस कंपनीच्या माणसाकडूनच घ्या, प्लंबरला त्या नळीला हात लावू देऊ नका. आणि गिझर पीएनजीचाच हवा. सिलिंडरच्या गिझरचा जेट (गॅस सोडणारं बारीक भोक) वेगळा असतो. एकूण १५ हजार, म्हणजे इलेक्ट्रिकपेक्षा सहा हजार जास्त. वर्षाला सर्व्हिसिंगचे ८०० गेले की २,४०० चे उरले १,६००. वरचे सहा हजार वसूल व्हायला पावणेचार वर्षं. शिवाय लांबच्या लाइनमधलं गार पाणी रोज आधी वाया जाणार ते वेगळंच.

तुमच्या जागी मी इलेक्ट्रिक घेईन, पंधरा लिटरचा, पाच स्टारचा, आणि अर्थिंग व ईएलसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेईन. घरात माणसं जास्त असती, बाल्कनी मोकळी आणि बाथरूमला लागून असती, तर गॅसच्या बाजूने बोललो असतो. तरीही गॅसच घ्यायचा ठरलं, तर त्या १५ हजारांवर दोन-तीन हजारांचा कार्बन मोनॉक्साइड अलार्मही धरा. साडेसहा हजारांत बाथरूममध्ये बसवायचा पर्याय मी हिशेबातच घेतलेला नाही.