रीजनल ट्रान्सपोर्ट प्लॅनमध्ये, म्हणजे शहर आणि आसपासच्या भागाच्या वाहतूक आराखड्यात, पर्यावरणाचा विचार खरंच होतो का, की शेवटी नुसता रिपोर्ट जोडतात?

बहुतेक वेळा जोडतातच. पण असं का होतं ते कळलं तर कुठे बोलायचं तेही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी इंदूरचा, ट्रॅफिक सर्वे आणि प्लॅनिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

आपल्याकडे कायद्यातलं पर्यावरण प्रोजेक्टला लागतं, प्लॅनला नाही. 2006 चं ईआयए (प्रोजेक्टचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) नोटिफिकेशन बघा, त्यात मोठे हायवे आहेत, एअरपोर्ट आहेत, रेल्वे लाइन मात्र त्या यादीत नाहीच. जंगलाची जमीन लागत असेल तर त्याची परवानगी वेगळी. पण ही कागदपत्रं सुरू होतात तोवर नकाशावर लाइन मारून झालेली असते, मग बोलायला उरतं काय तर झाडं किती जाणार आणि बदल्यात कुठे लावणार. लोकांना रोज किती लांब जावं लागेल आणि कशाने, हे त्याच्या बरंच आधी ठरून गेलेलं असतं आणि खरं पर्यावरण तिथेच असतं.

इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावाचंच घ्या ना. कारखाने तिकडे, घरं-शाळा इकडे इंदुरात, सकाळी त्या वाटेवरच्या राऊच्या बाजूला कंपन्यांच्या बसेस आणि मोटरसायकलींची रांग. धुराचा हिशोब तसा सोपा आहे, गाड्या गुणिले किलोमीटर गुणिले दर किलोमीटरमागे निघणारा धूर. आपलं सगळं लक्ष त्या तिसऱ्या आकड्यावर, सीएनजी करा, इलेक्ट्रिक करा. त्यात इंदूरने काम केलंय हे मान्यच, देवगुराडियाला 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करू शकणारा प्लांट आहे, सिटी बसेस त्या गॅसवर चालतात, 2023 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात मोठ्या शहरांत आमचा पहिला नंबर आला. छानच. पण किलोमीटर वाढत राहिले तर ही कमाई हळूहळू खाल्ली जाते, आणि रस्त्यावरची धूळ काय, ती बॅटरीवरच्या गाडीच्या चाकानेही उडतेच.

आणि किलोमीटर वाढवतं कोण? बऱ्याचदा प्लॅनच. बायपास झाला की दोन्ही बाजूंना कॉलन्यांचे प्लॉट पडतात, तिथे बस जात नाही, मग घरटी दोन-दोन गाड्या, मग काही वर्षांनी तो बायपास भरला म्हणून त्याच्याही बाहेरून आउटर रिंग रोड. पुढची रहदारी किती असेल याचा अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये मात्र रस्ता होवो न होवो, लोकवस्ती तेवढीच आणि तिथेच धरलेली असते, त्यामुळे कागदावर नवा रस्ता नेहमी प्रदूषण कमी करतानाच दिसतो. हे बदलायला काही फार मोठं शास्त्र लागत नाही, जमिनीचा वापर आणि वाहतूक एकाच मॉडेलमध्ये चालवा एवढंच, पण दोन खात्यांना एका टेबलावर बसवणं हेच अवघड काम आहे.

इंदूरच्या बीआरटीएसचं, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनचं, तुम्ही ऐकलंच असेल. एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साधारण साडेअकरा किलोमीटर, 2013 ला सुरू आणि 2025 मध्ये हायकोर्टाची परवानगी घेऊन तोडायला काढला. कारवाल्यांना बसची लेन रिकामी दिसायची. दिसणारच, गाड्या मोजल्या तर ती रिकामीच असते, माणसं मोजली तर चित्र वेगळं निघतं, आणि माणसं मोजा असं 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट आहे, गाड्या नव्हे. (जंक्शनवरचे गोंधळ होते, नाही असं नाही, ते सुधारता आले असते असं माझं मत.)

आता रेल्वे म्हणजे हिरवी असं सरसकट समजू नका. महू-खांडवा ब्रॉडगेजचं बघा, पातालपाणी-कालाकुंडचा जुना मीटरगेज घाट 1 इन 40 चढाचा (40 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), चढ कमी करायचा तर लाइन लांब फिरवून न्यावी लागते, बोगदे लागतात आणि जंगलही जास्त जातं. इंदूर-मनमाड लाइनला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, इकडची मराठी मंडळी खूष, मीही. सरकारी हिशोबात त्यातून 138 कोटी किलो कार्बन डायऑक्साइड वाचणार आहे. पण ते कधी, तर आज महाराष्ट्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेंधवा घाटातून जाणारे ट्रक खरोखर रेल्वेवर आले तर, आणि त्यासाठी माल चढवायच्या साइडिंगा (बाजूचे रूळ), गोदामं, स्टेशनपर्यंतचे रस्ते प्लॅनमध्ये आधीच दाखवलेले लागतात.

पाण्याचंही तसंच. इंदूरचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आले, शहरातली कान्ह नदी पुढे क्षिप्रेला मिळते. असे तलाव, नाले, त्यांचं पाणलोट (जिथलं पावसाचं पाणी त्यांत येतं तो भाग), जंगल हे सगळं आधी नकाशावर भरायचं आणि उरलेल्या जागेत रस्त्याचे तीन-चार पर्याय काढून बघायचे, हा क्रम. होतं नेमकं उलटं.

तुम्हाला यात पडायचं असेल तर मास्टर प्लॅनचा (शहराच्या विकास आराखड्याचा) ड्राफ्ट निघतो तेव्हा पडा. आमच्याकडे मध्य प्रदेशात 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याखाली ड्राफ्टवर आक्षेप घ्यायला मुदत असते, तुमच्या राज्यातही तशीच काही सोय असेल. त्यात नुसतं झाडं वाचवा लिहून उपयोग नाही. कुठले पर्याय तपासले, मोजणी माणसांची केली की गाड्यांची, आणि नवा रस्ता झाल्यावर वस्ती कुठे वाढेल ते मॉडेलमध्ये धरलंय का, हे लेखी विचारा. मेट्रो असेल तर आणखी सोपं, 2017 च्या मेट्रो धोरणात पर्यायांची तुलना करणं सक्तीचं आहे, तो रिपोर्टच मागा.