'सेम टू सेम'च्या ऑर्डरी आणि न सुचणारं डिझाइन

या महिन्यात घरी दागिने करणाऱ्यांची पत्रं बरीच आलीत, आणि गंमत म्हणजे भांडवल कुठून आणू, जीएसटी लागतो का असलं कोणीच विचारलेलं नाही, सगळ्यांचं रडगाणं एकच, सुचत नाही. त्यातली तीन घेतलीत. नावं छापू नका म्हणाल्यात म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न: ताई, मी टेराकोटाचे दागिने करते, घरूनच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इन्स्टावर विकते. सुरुवातीला डोक्यात इतकं काही यायचं की झोप लागायची नाही. आता धंदा बरा चाललाय पण सुचणं बंद झालंय. कस्टमर कुठल्यातरी रीलचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि म्हणतात, 'सेम टू सेम हवं'. दिवसभर 'प्राइस प्लीज'ला उत्तरं, पॅकिंग, कुरिअर, आणि रात्री मुलं झोपली की पिंटरेस्ट उघडून बसते, तासभर बघते आणि काहीच न करता झोपते. एक ऑनलाइन डिझाइन कोर्स बघून ठेवलाय, फी बरीच आहे. करू का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर: कोर्स सध्या राहू दे. तुझ्या पत्रात कुठेच असं नाहीये की मला अमुक करता येत नाही, तुला येतं सगळं, फक्त डिझाइनला तू दिवसातली सगळ्यात वाईट वेळ दिलीयेस. रात्री अकराला, पाठ मोडलेली असताना, दुसऱ्यांनी केलेले, लाइट लावून फोटो काढलेले, एडिट केलेले शेकडो तयार पीस बघायचे आणि मग स्वतःकडून काहीतरी नवीन निघेल अशी अपेक्षा करायची, कसं निघणार गं? तयार दागिना बघून तयार दागिनाच डोक्यात येतो. पिंटरेस्ट वाईट नाहीये, रंग कुठला कुठल्याशी जातो हे बघायला मी पण उघडते, पण तिथे सुचत नाही, तिथे फक्त आवडतं, आणि आवडण्यात तासभर गेला तरी पोटात काही पडत नाही.

तू राहतेस कुठे बघ ना. तेर तुझ्याच जिल्ह्यात आहे! तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी टिपणात त्याचं नाव आहे, इथून कापड भडोचच्या बंदरात जायचं आणि पुढे समुद्रापार. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातले शंखाचे, काचेचे, दगडाचे, मातीचे मणी आहेत. आणि तुझ्या कामाचं म्हणजे पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या, दोन साच्यांत दाबून मग जोडलेल्या, आतून पोकळ. डोक्यावरचा साज, कानातली जड कर्णफुलं, गळ्यातल्या माळा, सगळं मातीतच उठवलेलं. तू जे टेराकोटा म्हणून विकतेस त्यातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं काम तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर पडलंय आणि तू कॅलिफोर्नियाच्या कोणाचे इअररिंग बघत बसलीयेस. तिथली हस्तिदंती बाहुली तर जगभर गाजलेली, तशीच एक 1938 मधे इटलीत पॉम्पेईला सापडली, इ.स. 79 च्या ज्वालामुखीच्या राखेखाली, आणि त्या पॉम्पेईच्या बाईच्या हातात मनगटापासून वरपर्यंत बांगड्याच बांगड्या आहेत. (जायच्या आधी संग्रहालय चालू आहे का, वेळ काय, ते विचारून घे, उगाच हेलपाटा नको.)

पण जाऊन फोटो काढून येऊ नकोस. वही ने आणि काढ, वेडंवाकडं आलं तरी चालेल. फोटो काढला की आपण बघणं बंद करतो. आणि काढताना पूर्ण दागिना काढायचा नाही, एवढंच बघायचं की कशाच्या शेजारी काय बसवलंय, मोठ्या मण्यानंतर लहान किती, दोन मण्यांच्या मधे काय आहे, माळ कुठे थांबते, गळ्याशी की छातीवर, भोक आडवं आहे का उभं. डिझाइन असतं ते या असल्या गोष्टींमधे, नक्षी नंतर.

दुसरं तुळजापूर. कवड्या हल्ली 'बोहो' म्हणून रीलमधे दिसतात, चोकरला चार कवड्या लावल्या की झालं. आपल्याकडे आराधी, गोंधळी यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघितलीयेस का जवळून? कवडीची पाठ घासून सपाट केलेली असते म्हणून ती अंगाला नीट टेकते, आणि दोरा असा घट्ट की एकीच्या अंगाला दुसरी खेटून बसलेली, मधे बोट जात नाही. देवळाबाहेर माळा ओवणाऱ्या बायका असतात, दहा मिनिटं शेजारी बस, एखादी माळ विकत घे म्हणजे त्या बोलतात, आणि दोरा कुठून आत जातो कुठून बाहेर येतो तेवढं बघ. ती पद्धत मातीच्या चपट्या मण्यांना लावून बघ, कवडी न वापरता. हे कोणाच्या रीलमधे नसेल याची मी गॅरंटी घेते.

आता घरी बसून करायचं काम. कोल्हापुरी साज आठव. जुन्या पद्धतीच्या साजात 21 पानं, दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं, आणि मधे मधे जव मणी. पानाचा आकार साधारण तेवढाच, जागा तेवढीच, पण चंद्र वेगळा, बेलपान वेगळं, शंख, नाग, कासव, भुंगा, सगळे वेगळे. म्हणजे सोनाराने एवढ्याशा जागेत एकवीस वेळा विचार केलाय, आणि त्याला कोणी मोकळा कागद दिलेला नव्हता. तू पण तेच कर, एकच कटर घे, एकाच मापाच्या एकवीस चकत्या काप, ओल्या असतानाच प्रत्येकीवर एक वेगळी खूण, तुझ्या रोजच्या बघण्यातली, ज्वारीचं कणीस घे, एसटीचं तिकीट घे, परडी घे, घराच्या दाराची कडी घे. विकायचं नाही, फोटो टाकायचा नाही. पहिली आठ-दहा बावळट होतील, तेराव्या-चौदाव्यापासून हात वेगळं करायला लागतो कारण सोपं सगळं संपलेलं असतं. एकवीसमधली दोन जरी बरी निघाली तरी तुझं पुढचं कलेक्शन झालं.

हे सकाळी कर, व्हॉट्सअ‍ॅप उघडायच्या आधी, अर्धा तास पुरे. एकदा का 'प्राइस प्लीज' दिसलं की डोकं दुकानात जातं, मग परत येत नाही. प्राइसचं म्हणशील तर कॅटलॉगला किंमत लिहून टाक ना सरळ, निम्मे मेसेज तिथेच कमी होतील, मला हे 'डीएममधे विचारा' प्रकरण कधी कळलेलंच नाही.

आणि सेम टू सेमवाल्या कस्टमरला नाही म्हणू नकोस, घर चालतं त्यावर. फक्त स्क्रीनशॉट आला की एक प्रश्न विचार, 'यातलं नक्की काय आवडलं?' कोणी म्हणतं रंग, कोणी म्हणतं लांबी, कोणी म्हणतं ते खालचं लटकन. मग तेवढं एक ठेव आणि बाकी तुझं कर, दोन ऑप्शन पाठव. दहातल्या निदान तीन-चार जणी तुझं घेतील असा माझा अंदाज आहे, बाकीच्यांना सेम दे आणि सोडून दे.

प्रश्न: नमस्कार. मी खणाचे आणि पैठणीच्या काठाचे दागिने बनवते, प्रदर्शनात स्टॉल लावते. माझा प्रॉब्लेम थोडा वेगळा आहे. श्रावणात मंगळागौरीच्या ग्रुपची ऑर्डर येते, एकच नेकलेस चाळीस वेळा, सगळ्यांना मॅचिंग. हात चालतो पण जीव लागत नाही. सीझन संपला की वेळच वेळ असतो पण तेव्हा पण सुचत नाही, नुसतं रिकामं रिकामं वाटतं. वय झालं का माझं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: वय काय झालंय, चाळीस नेकलेस शिवताय म्हणजे हात आणि डोळे दोन्ही शाबूत आहेत. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात असं मला वाटतं. चाळीस वेळा तेच करून येतो तो कंटाळा, तो कोणालाही येणारच, त्याचा आणि प्रतिभेचा काही संबंध नाही. एक नेकलेस पूर्ण, मग दुसरा पूर्ण, असं करू नका, एक दिवस फक्त कापणं, एक दिवस फक्त बुकरम (आतलं कडक अस्तर) चिकटवणं, एक दिवस नुसतं मोती लावणं. कापायच्या दिवशी कान मोकळे असतात, गाणी लावा, नाटक लावा. आणि चाळीस झाले की उरलेल्या चिंध्यांतून एकेचाळिसावा करायचा, स्वतःचा, त्यात एक गोष्ट मुद्दाम वेगळी. खणाची उलटी बाजू वर घेऊन बघा, उलट्या बाजूचा रंग कित्येकदा जास्त छान मऊ असतो. बुट्टी मधोमध न घेता अर्धी कापून बघा. तिरकं कापा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या, जिथे खण विणतात तिथल्या, विणकराने बुट्टी विणून दिलीय, आपण सगळ्याजणी ती जशीच्या तशी गोल कापून फ्रेममधे बसवतोय, म्हणून तर प्रदर्शनात पाच स्टॉलवर एकच दागिना दिसतो. जरा कडू बोलले, पण स्टॉल लावणारीला हे माहितीच असतं.

रिकामपणाचं म्हणाल तर आपल्या धंद्याचं पंचांग आहे आणि ते बरंच सोयीचं आहे. संक्रांतीला काळ्यावरचे आणि हलव्याचे, मग चैत्रगौर, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरींचे दागिने, मग नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. यात मधे पितृपक्ष येतो, गौरी-गणपती गेले आणि नवरात्र यायचंय असे पंधरा दिवस, नवीन दागिना घ्यायला फारसं कोणी येत नाही. बहुतेक जणी तेव्हा चिंतेत बसतात किंवा सेल लावतात. मी म्हणते ते पंधरा दिवस सॅम्पलचे. कापड खराब करायचं, गोंद कुठला पिवळा पडतो ते बघायचं, फसलेला पीस उसवून परत जोडायचा. दुकान बंद असल्यासारखंच असतं, कोणी विचारणारं नाही, तेवढी शांतता मग थेट पुढच्या आषाढात मिळते.

आणि एकदा साहित्य बदलून बघा, कायमचं नाही, एका सीझनपुरतं. हलव्याचे दागिने केलेत कधी? खसखस किंवा तिळावर मंद आचेवर पाक चढवत चढवत हलवा होतो, थंडीत त्याला काटा छान येतो, तो दाणा दोऱ्याच्या गाठीत धरायचा तर काटा मोडता कामा नये आणि हाताला घाम असला तर साखर चिकटते. मोत्याला आपण कसंही दामटतो, हलव्याला दामटून चालत नाही. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, बोरन्हाणाच्या बाळाची बासरी, सगळं हलकं हवं, एका दिवसाकरता हवं, आणि पांढऱ्यावर फक्त सोनेरी कागद किंवा जर. रंगच नाही म्हटल्यावर सगळा विचार आकाराचा करावा लागतो. खण-पैठणीत रंग आयता मिळतो, त्यामुळे आकाराकडे दुर्लक्ष होतं आपलं. एक संक्रांत हलव्यात काढून परत खणाकडे या आणि मला लिहून कळवा काय झालं ते. डोंबिवलीत दमट हवा, तेव्हा तयार दागिने हवाबंद डब्यात ठेवा नाहीतर रथसप्तमीपर्यंत पाघळतील.

पुण्याला येणं झालं तर केळकर संग्रहालयात जा, पण दागिन्यांच्या कपाटापाशी नाही, अडकित्ते, वज्र्या, कुंकवाचे करंडे, फण्या बघा. पाय घासायच्या वज्रीला कोणी मोर करून ठेवलाय, घोडा करून ठेवलाय. कापडात तो मोर कसा येईल हे डोक्यात घोळवत परतीची गाडी पकडायची.

प्रश्न: मी वायर रॅपिंगच्या, म्हणजे तार वळवून केलेल्या, अंगठ्या करते. महिनाभर खपून एक डिझाइन केलं, पोस्ट टाकली आणि पंधरा दिवसांत एका पेजवर तेच, माझ्यापेक्षा शंभर रुपये कमी. आता नवीन काही करायची इच्छाच होत नाही, कशाला करायचं, परत चोरणारच. कायदा काही आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आहे, पण तुला वाटतो तितका कामाचा नाही. डिझाइन्स अ‍ॅक्ट, 2000 खाली डिझाइन रजिस्टर करता येतं, दहा वर्षं संरक्षण, पुढे पाच वाढवता येतात. अट अशी की अर्ज करण्याआधी ते कुठेच प्रसिद्ध झालेलं नको, इन्स्टावर टाकलंस म्हणजे नावीन्य गेलं. आणि 'मी काढलंय म्हणजे कॉपीराइट माझा' हेही दागिन्याला पूर्ण लागू नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 प्रमाणे जे डिझाइन रजिस्टर होऊ शकत होतं पण केलं नाही, त्याचे औद्योगिक पद्धतीने पन्नासच्या वर नग निघाले की कॉपीराइट संपतो. हाताने केलेल्या कामाला हे कसं लागेल हा वकिलाचा विषय. तुझे फोटो जसेच्या तसे उचलले असतील तर मात्र ते तुझे आहेत, प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट कर, ते काढतात.

त्यामुळे जे खरंच महत्त्वाचं वाटतंय ते पोस्ट करायच्या आधी रजिस्टर कर, बाकीचं टाकून दे बिनधास्त. आणि डिझाइन एकटं सोडू नकोस, अंगठी टाकलीस की तिच्या मागून कानातलं, मग ब्रेसलेट, तोच वळसा तीन ठिकाणी. कॉपी करणारी एका पोस्टवरून एक पीस उचलते, तो वळसा कुठून आला ते तिला माहिती नसतं, त्यामुळे दुसरा पीस तिला स्वतःहून करता येत नाही, तुझ्या पोस्टची वाट बघावी लागते. तोवर तू गेज, म्हणजे तारेची जाडी, बदललेला असतोस, 22 वरून 26 वर, आणखी बारीक. शंभर रुपयांसाठी भाव मात्र उतरवू नकोस, कुठल्या वायरची आहे, काळी पडली तर काय करायचं, सैल झाली तर परत आवळून देशील का, हे लिहून टाक पोस्टखाली. आणि त्या पेजला ब्लॉक करू नकोस, तुझ्यातलं काय खपतं ते फुकटात कळतंय तिथे.