पोरगा म्हणतो अलिराजपूरला जाऊन राहणार

मागच्या अंकात मी झाबुआकडच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या नऊ वर्षांबद्दल लिहिलं होतं आणि मला वाटलं होतं कोण वाचतंय. तर पत्रांचा ढीग. बरीचशी प्रेमाची, दोन शिव्यांची, एका कार्डावर तर नुसतं ‘लाज वाटते का?’ एवढंच. त्यातली काही इथे घेतलीयेत. नावं छापत नाही, इंदूर कितीही मोठं झालं तरी रामबागेत शिंकलं की सुदामानगरात रुमाल निघतो.

प्रश्न : ताई, माझा मुलगा २४ वर्षांचा, बीकॉम झालाय, नोकरी बरी होती. दोन वर्षं चर्चच्या तरुण संघाबरोबर कॅम्पला जायचा. आता म्हणतो मला देवाकडून पाचारण झालंय, अलिराजपूरकडे भिलांच्यात जाऊन राहणार, सुवार्ता म्हणजे येशूचा शुभसंदेश सांगणार. ह्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलंय. मला सिस्टर राणी मारियांचं आठवून झोप लागत नाही. अडवू का त्याला? – एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, आधी भीतीचं बोलू, कारण ती खोटी नाहीये. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला शेतमजूर आणि आदिवासी लोकांत काम करायच्या, बचत शिकवायच्या, बँकेचं कर्ज कसं मिळतं ते सांगायच्या, आणि सावकारी करणाऱ्यांच्या पोटात नेमकं तेच दुखलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला यायला निघालेल्या बसमध्ये, भरल्या प्रवाशांसमोर त्यांना चाकूने मारलं, वय ४१. मी तेव्हा इथेच नर्सिंगला होते, हॉस्टेलात त्या रात्री कुणी जेवलं नाही. मग पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याच मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरातच राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं. हे सगळं मुलाला माहीत आहे का, विचारा. माहीत असूनही जातो म्हणत असेल तर अडवून उपयोग नाही, आणि अबोला तर मुळीच नको, कारण तिकडे डोंगरात संध्याकाळी सातला अंधार झाला की घरून फोन येणार नाहीये हे जे काही असतं ना ते मलेरियापेक्षा जास्त खातं माणसाला.

पण मला काळजी वेगळीच आहे. तुमच्या पत्रात शब्द आहे ‘सांगणार’. कुठल्या भाषेत सांगणार? हिंदीत, असं तो म्हणेल. तिथे भिली आहे, भिलाली आहे, सोंडवाकडे वेगळी बोलतात, बडवानीकडे बारेली, आणि बाजारापुरती हिंदी पुरुषांना येते पण घरातल्या म्हाताऱ्या बायकांना नाही येत. माझंच सांगते. पहिल्या महिन्यात एका आजीला तापाच्या गोळ्या दिल्या आणि माझ्या इंदुरी हिंदीत म्हटलं, ‘संभाल के रखना’. आठ दिवसांनी आली, ताप तसाच, आणि गोळ्यांची पुडी फडक्यात बांधून गळ्यात. सांभाळून ठेवल्या होत्या की! चूक कुणाची? गोळ्यांचं हे, मग पापक्षमा आणि पुनरुत्थान बाजारी हिंदीत सांगून काय पोचणार आहे.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले आणि त्यांच्या हातून पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल, त्याचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं! ह्याच कॅरींनी सेरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांना हाताशी धरून १८०५ मध्ये आपल्या मराठीचं व्याकरण छापलं, म्हणजे बसून भाषा शिकायची त्यांना सवयच होती. किंवा मिझो डोंगरातले मिशनरी लॉरेन आणि सॅव्हिज घ्या. १८९४ ला पोचले, चार वर्षांच्या आसपास राहिले, तेवढ्यात त्या भाषेला लिपी दिली, शब्दकोश जमवला, बायबलातल्या शुभवर्तमानांचं भाषांतर केलं, आणि चर्चच्या मंडळीत आलेली माणसं मोजायला गेलात तर जवळपास काहीच नाही, आजच्या एखाद्या संस्थेने वार्षिक रिपोर्टमध्ये ‘असफल’ लिहिलं असतं. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये ख्रिस्ती ८७ टक्के आहेत. म्हणून मुलाला सांगा, पहिली दोन वर्षं वही घेऊन जा आणि शब्द लिही, बास. छापील पत्रकांचे गठ्ठे तर नेऊच नको, २०११ मध्ये अलिराजपूर जिल्ह्याची साक्षरता ३६ टक्के होती, सगळ्या देशात खालून पहिली.

आणि गाव म्हणजे काय ते पण त्याने कॅम्पमध्ये पाहिलेलं नसणार. भिलांचं गाव आपल्यासारखं एकाला एक लागून नसतं, फळिये असतात, एकेक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर, दोन घरं गाठायची तर अर्धा दिवस चढ-उतार. दिवाळी झाली की निम्मं गाव गुजरातेत मजुरीला जातं, मागे म्हातारे, बकऱ्या आणि कुलपं. माझ्या ओळखीच्या एका तरुण पाळकाने पहिल्या वर्षी नाताळाची केवढी तयारी केली होती, तारे लावले, केक नेला इंदूरहून, आणि उपासनेला आल्या चार आज्या. पोरं परत येतात भगोरियाला, होळीच्या आधीच्या हाटांना. तिथलं वर्ष तिथल्या लोकांच्या पोटावर चालतं, चर्चच्या कॅलेंडरवर नाही, आणि गुजरातेत दगड दळायच्या कारखान्यांत छाती भरून सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, घेऊन परतलेली माणसं मी पाहिलीयेत, तिशीतली, श्वास पुरत नसलेली. त्यांच्याजवळ जाऊन बसावं लागतं. तिथे ‘साक्ष’ वगैरे सुचतच नाही हो.

एक व्यवहाराचं. संस्थेला लेखी विचारा: महिन्याला किती, विमा आहे का, आजारी पडला तर कोण आणणार, पहिलं वर्ष कुठल्या अनुभवी माणसाबरोबर राहणार. ‘प्रभू पुरवील’ एवढंच उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा, प्रभू पुरवतो पण मच्छरदाणी कुणीतरी विकत घ्यावी लागते. आणि ह्यांना, म्हणजे तुमच्या साहेबांना, चार दिवस त्याच्याबरोबर पाठवा. तिथल्या घरात दाल-पानिया खाल्लं की अर्धा राग जातो, अनुभवाने सांगते.

प्रश्न : मध्य प्रदेशात धर्माबद्दल बोलायलाच बंदी आहे असं आमच्या ग्रुपवर आलं होतं. खरं का? आणि आदिवासी ख्रिस्ती झाला की त्याचं आरक्षण जातं का? – एक वाचक, छावणी

उत्तर : ग्रुपवर आलेलं, म्हणजे अर्धं. बोलायला बंदी नाही, संविधानाचं कलम २५ आहे. पण सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये, आपल्याच मध्य प्रदेशातून गेलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात, सांगितलंय की धर्म पसरवायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. राज्याचा कायदा आधी १९६८ चा होता, आता २०२१ चा आहे आणि कडक आहे. जबरदस्ती, फसवणूक, आमिष ह्याने धर्मांतर केलं तर गुन्हा, आणि आमिषात नुसते पैसे नाही येत, नोकरी, धर्मसंस्थेच्या चांगल्या शाळेत शिक्षण, देवाच्या कृपेचं आश्वासन हे पण येतं. समोरची व्यक्ती आदिवासी असेल, बाई असेल, अल्पवयीन असेल तर शिक्षा दोन ते दहा वर्षं. धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने दोघांनीही ६० दिवस आधी कलेक्टरकडे कळवायचं असं कायद्यात आहे, आणि आमिष नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. मला हा कायदा पटतो का? सगळा नाही पटत. पण जाणाऱ्याने वाचून जावं, वकिलाला विचारून जावं.

आरक्षणाचं: अनुसूचित जमातीचा माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातीचा जातो. लोक दोन्ही एकत्र करतात. जमातीचाही काढा अशी मागणी चालू आहे ती वेगळी.

प्रश्न : तांदळाच्या गोण्या देऊन माणसं विकत घ्यायची आणि त्याला सेवा म्हणायचं! हजारो वर्षांची संस्कृती मारताय तुम्ही. छापायची हिंमत आहे का? – एक संतप्त वाचक, तिलक नगर

उत्तर : छापलं. आता ऐका.

तुमचं सगळं खोटं नाही. छप्पनियाचा दुष्काळ, १८९९-१९०० चा, संवत १९५६ म्हणून छप्पनिया, भिलांच्या मुलखात घरंच्या घरं संपली त्यात. मिशनवाल्यांनी अनाथ पोरं उचलली, जेवू घातलं, वाढवलं, आणि ती ख्रिस्ती म्हणून वाढली. त्यांचे पणतू आज आहेत. त्यांना ‘विकत घेतलेले’ म्हणायची माझी जीभ रेटत नाही, पण भुकेल्या पोराला निवड होती असंही मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेल्या असतात, भांडतात.

संस्कृतीचं म्हणाल तर मांदल म्हणजे त्यांचा ढोल वाजवणं पाप आहे असं सांगणारे उपदेशक मी पाहिलेत, भगोरियाला जाऊ नका म्हणणारे पाहिलेत, आणि मला ते तेव्हाही आवडले नाहीत. दारूने घर बुडालेल्या बाईला नवऱ्याची दारू सुटलेली हवी असते हे वेगळं, आणि ढोल फोडणं वेगळं. पण हेही सांगा की शाळेत भिली बोललं म्हणून पोरांना मारणारे मास्तर कुठल्या मिशनचे होते? संस्कृती मारायची मक्तेदारी कुणा एकाची नाहीये.

ह्या विषयात मला आठवतात ते शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती माणूस, आपल्यात त्यांचं नाव कुणी काढत नाही. व्हेरिअर एल्विन हे इंग्रज पाद्री १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, तिथे ही जोडी जमली आणि १९३२ मध्ये दोघं गोंडांच्यात राहायला गेले, करंजियाला, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात. शाळा, औषधं, कुष्ठरोग्यांसाठी घर. धर्मांतर करायचं नाही असं एल्विननी ठरवलं, त्यावरून बिशपांशी बिनसलं आणि शेवटी ते चर्चमधूनच बाहेर पडले. पुढे एल्विन मोठे झाले, ईशान्येकडे गेले, पुस्तकं गाजली. शामराव तिथेच राहिले, पाटनगढला. मी स्वतः एल्विनच्या वाटेची नाही, मला येशूचं नाव घ्यायला संकोच वाटत नाही आणि कुणी विचारलं तर मी सांगतेच. पण राहावं कसं हे विचाराल तर शामरावांसारखं.

प्रश्न : मी डेंटलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा ग्रुप धारकडच्या गावात फ्री कॅम्प घेणार आहे, तपासणीनंतर प्रार्थना आणि पुस्तिका वाटप ठेवू का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : नको गं बाळा. दाढ दुखणारा माणूस खुर्चीत तोंड उघडून बसलाय, तो ‘नको’ कसा म्हणणार? दात काढ, चहा पी, परत ये.

प्रश्न : मावशी, अंदमानच्या सेंटिनल बेटावर गेलेला तो अमेरिकन मुलगा हुतात्मा की मूर्ख? आमच्या बायबल स्टडीत भांडण झालं यावरून. – कॉलेजवाला, पलासिया

उत्तर : जॉन चाऊ, २६ वर्षांचा, नोव्हेंबर २०१८ मध्ये जायला बंदी असलेल्या त्या बेटावर सुवार्ता सांगायला गेला आणि तिथल्या लोकांच्या बाणांनी मेला. धाडस होतं, प्रेमही असेल, मी त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवते आणि वाईटच वाटतं. पण ते चुकलं, आणि कायदा मोडला म्हणून फक्त नाही. त्या लोकांनी ‘येऊ नका’ हे किती वेळा सांगायचं? १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथून सहा जण उचलून पोर्ट ब्लेअरला नेले, त्यातले दोघं मोठे तिथे मेले, चार पोरांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. त्यांच्या घरात बाहेरच्या माणसाची गोष्ट अशी असणार. शेजारच्या ग्रेट अंदमानींचं बघ, इंग्रज वसाहतीच्या सुरुवातीला हजारोंनी होते आणि १९६१ च्या मोजणीत १९ उरले, गोवर, सिफिलिस, फ्लू. तू शिंकलास तरी तिथे वस्ती मरू शकते. सुवार्ता पोचायच्या आत सर्दी पोचेल.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी इक्वेडोरमधल्या पाच अमेरिकन मिशनऱ्यांचं उदाहरण दिलं असेल, जिम इलियट आणि बाकीचे, जानेवारी १९५६ मध्ये वाओरानी लोकांच्या भाल्यांनी मेले. देतातच. पण पुढचं सांगत नाहीत: विमानातून भेटी टाकणारे पुरुष मारले गेले, आणि १९५८ मध्ये जंगलात राहायला गेल्या त्या दोन बायका, जिमची बायको एलिझाबेथ इलियट आणि मारल्या गेलेल्या दुसऱ्या एकाची बहीण रेचल सेंट, बरोबर एलिझाबेथची लहानगी पोर. त्या जाऊ शकल्या कारण दायुमा नावाच्या वाओरानी बाईने आधी भाषा शिकवली, स्वतः जाऊन घरच्यांशी बोलली आणि मग त्यांना बोलावलं. बोलावलं, हे महत्त्वाचं. तरी १९६९ मध्ये त्या वस्तीत पोलिओ घुसलाच. आणि मत्तयाचा दहावा अध्याय चौदावी ओळ काढून वाचा सगळे मिळून, जिथे स्वीकारत नाहीत तिथून पायांची धूळ झटकून निघा असं येशूने स्वतः शिष्यांना सांगितलंय. होडी घेऊन परत जा असं नाही.

आता ते कार्ड. पत्ता नव्हता म्हणून इथेच लिहिते. हो, वाटते लाज, एका गोष्टीची. दवाखान्याला मदत करणारे काही पाहुणे बाहेरून आले होते, त्यांना फोटो हवा होता. एक बाई बाळंतपणातून नुकती वाचली होती, तिच्या हातात बायबल द्या म्हणाले. तिला वाचता येत नव्हतं, ती ख्रिस्तीही नव्हती, आणि मी, जी आज इथे एवढं शहाणपण शिकवतेय, मी तिच्या हातात ते ठेवलं, पदर नीट केला आणि बाजूला झाले. पुढे तो फोटो एका कॅलेंडरवर छापून आला. चार-पाच महिन्यांनी ती बाळाला टोचायला घेऊन आली. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, फोटो काढला होता ना, एक मला देशील का, आमच्याकडे बाळाचा एकही नाही.

त्या फोटोत बाळ नव्हतं. त्यांनी फक्त तिचा काढला होता.